लिंबाची साल आणि हातभट्टी

लिमोनचेल्लो या इटालियन पेयाला मराठीत नाव नाही. 'लिंबाची दारू' म्हणावे तर ऐकणाऱ्याच्या मनात काही भलतेच चित्र उभे राहते. 'लिंबासव' म्हणावे तर वैद्याच्या दुकानाचा वास येतो. ज्या वस्तूला भाषेत नाव नसते ती वस्तू त्या समाजात नसते, असा आपला सोयीस्कर समज असतो. आमच्या मते येथे प्रकार उलटा आहे. वस्तू होती, तिची नावेही होती. ती नावे पुढे पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत गेली आणि तेथून घरी परतली नाहीत. प्रस्तुत टिपणात त्या प्रवासाचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

आधी पाककृती सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील विवेचन तिच्यावरच उभे आहे. दक्षिण इटलीतील सोरेंतो, अमाल्फी आणि काप्री या भागांत जाड सालीची, तेलकट, सुगंधी लिंबे पिकतात. त्यांची फक्त पिवळी साल पातळ सोलून घेतात. आतला पांढरा भाग कडवट असल्याने तो टाळतात. ही साल सुमारे ९६ टक्के शुद्धतेच्या मद्यार्कात काही दिवस, कोणाकडे काही आठवडे, मुरत ठेवतात. मग गाळून त्यात साखरेचा थंड पाक मिसळतात. पाण्याचा स्पर्श होताच सालीतले तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपाने वेगळे होते आणि द्रव दुधाळ पिवळा दिसू लागतो. जेवणानंतर लहानशा पेल्यातून, अतिशय थंड करून, घोट-दोन घोट घ्यावयाचे हे पेय. त्यात आंबवणे नाही, भट्टी नाही, ऊर्ध्वपातन नाही. आपल्या लोणच्या-मुरंब्याच्या बरण्यांशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

ऐरोलीसारख्या उपनगरात आज ही पाककृती अपरिचित राहिलेली नाही. परदेशी कामानिमित्त जाऊन आलेली तरुण मंडळी ती सांगतात, काही जण करूनही पाहतात. अडचण दोन ठिकाणी येते. आपले कागदी लिंबू नावाप्रमाणेच कागदासारख्या सालीचे. त्याचे वैभव रसात आहे, सालीत नाही. दुसरी अडचण मोठी आहे. इटलीत तो शुद्ध मद्यार्क किराणा दुकानात, साखरेच्या नि पिठाच्या शेजारच्या फळीवर मिळतो. त्याची करपट्टी बाटलीवरच चिकटवलेली असते. आपल्याकडे तो सामान्य गृहस्थाला मिळत नाही. म्हणजे प्रश्न लिंबाचा नसून बाटलीचा आहे, आणि बाटलीचा प्रश्न आला की इतिहास आला.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'हात' हे पूर्वपद लागलेले अनेक सामासिक शब्द आपल्या भाषेत आहेत. हातमाग म्हटले की आपल्याला अभिमान वाटतो. हातकागद, हातसडीचा तांदूळ हे शब्द आज प्रतिष्ठित झाले आहेत. त्यांच्यासाठी आपण चार पैसे अधिक मोजतो. 'हातभट्टी' हा त्याच घडणीचा, त्याच कुळातला शब्द. परंतु तो उच्चारताच छापा, पंचनामा आणि विषबाधा आठवते. 'गावठी' या विशेषणाचेही तेच. गावठी कोंबडी आणि गावठी तूप ही प्रशंसा. नुसते 'गावठी' म्हटले तर गुन्हा. एकाच मुशीतल्या शब्दांपैकी काहींना सन्मान आणि एकालाच बदनामी का मिळाली, याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही. ते महसुलाच्या इतिहासात सापडते.

राज्यसंस्था आणि घरातले मद्य यांचा संबंध जुना आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे मद्याची निर्मिती आणि विक्री राज्याच्या ताब्यात आहे, नियम कडक आहेत. मात्र त्यातच कुटुंबवत्सल गृहस्थाला मंगलकार्याच्या प्रसंगी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा ठेवलेली आढळते. या तरतुदीत आम्हांला एक शहाणपण दिसते. राज्य बाजारावर हक्क सांगते. घरातल्या प्रसंगावर सांगत नाही. घरातल्या मद्याला एक निमित्त असते आणि निमित्त संपले की ते संपते, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

आसव आणि अरिष्ट यांची परंपरा आयुर्वेदाने आजवर टिकवली आहे. औषधी द्रव्ये, गूळ आणि धायटीची फुले मडक्यात घालून तोंड बंद करून ठेवायची. महिनाभरात त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो. काढा करून केले तर अरिष्ट, काढ्याविना केले तर आसव. द्राक्षासव चमच्याने मोजून घेणाऱ्या आजीला आपण मद्य घेत आहोत असे कधी वाटले नाही, आणि ते योग्यच होते. चमच्याने मोजलेले ते औषध, हा भेद तिला ठाऊक होता.

पेशवाईत पुण्याचे धोरण दारूबंदीचे होते. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशांना जोडलेल्या प्रस्तावनेत याचे वर्णन केले आहे. तथापि वसई-चौलचा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतल्यावर भंडारी, कोळी आदी समाजांसाठी या बंदीला अपवाद करावा लागला. ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी अंमलदार यांना मात्र ती सक्तीने लागू राहिली. पेशव्यांच्या पदरी असलेल्या फिरंगी टोपीवाल्यांनाही स्वतःपुरती भट्टी ठेवण्याची परवानगी होती. या व्यवस्थेत जातिभेद उघड आहे आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे: कोकणपट्टीतल्या ज्या समाजांच्या जगण्यात माडी आणि मोहाचे पेय मिसळलेले होते, त्यांच्या घरात हात घालणे त्या राज्याने टाळले.

तो हात घातला इंग्रजांनी, आणि तोही नीतीच्या नावाने कमी, तिजोरीच्या कारणाने अधिक. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा हा या कथेतला निर्णायक टप्पा. त्यानंतर परवान्याशिवाय मद्य गाळणे हा गुन्हा ठरला. ताडी-माडीची झाडे छेदण्यासाठीही परवाना आणि कर आला. मद्यनिर्मिती मोठ्या केंद्रांत एकवटली. आमच्या ठाण्याच्या खाडीच्या दक्षिणेला, उरणला, मोहाची दारू गाळणाऱ्या भट्ट्या होत्या. त्यांचा धंदा मुख्यतः पारशी मक्तेदारांच्या हाती होता. तरीही घराघरांतले गाळणे थांबेना. तेव्हा १८९२ मध्ये मोहाचा स्वतंत्र कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलांच्या साठ्यावर आणि व्यवहारावर निर्बंध घातले गेले. मोहाची फुले हे आदिवासींचे अन्नही आहे. ती वाळवून, शिजवून, भाकरीत घालून खातात. म्हणजे कायदा भट्टीपाशी थांबला नाही, तो कणगीपर्यंत पोहोचला. आजची ऐरोली ज्या ठाणे जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्याची ही गोष्ट आहे.

इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातविषयीच्या १९८५ मधील निबंधात या स्थित्यंतराला 'प्रथेकडून गुन्ह्याकडे' अशा अर्थाचे शीर्षक दिले होते. त्याहून समर्पक शब्द सापडणे कठीण. घरचे पेय बंद झाल्याने पिणे थांबले नाही. ते गुत्त्यावर गेले. घरी मोहाची फुले होती, गुत्त्यावर उधारीची वही होती. सणाला मडके उघडत असे, गुत्ता रोज उघडू लागला. पुण्यात वाढत्या गुत्त्यांविरुद्ध जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली, ती याच काळात.

पुढची घटना अधिक विचार करायला लावणारी आहे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात एका देवीचा संचार सुरू झाला आणि तो डोंगराळ भागातून दक्षिण गुजरातेतल्या आदिवासींपर्यंत पसरला. तेथे देवीची आज्ञा होती: दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूविक्रेत्या पारशांकडे कामाला जाऊ नका. हजारो लोकांनी ती पाळली. ज्यांच्या पूर्वजांनी घरी मद्य गाळण्यासाठी कायदा मोडला होता, त्यांनीच आता मद्य सोडले. कारण ते मद्य त्यांचे राहिले नव्हते, सावकाराचे झाले होते.

याच संदर्भात १९३० ची आठवण होते. त्या वर्षी कायदेभंगाच्या चळवळीने दोन मागण्या एकत्र चालवल्या. मीठ घरी करण्याचा हक्क मागितला आणि दारूच्या दुकानांवर निरोधन केले. दोन्ही वस्तू सरकारच्या उत्पन्नाच्या, दोन्ही एकेकाळी घरच्या. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांना घरगुती वापरापुरते मीठ करण्याची मोकळीक मिळाली. मद्याबाबत तसा हक्क मागावा असे कोणाच्या मनात आले नाही, आणि गुत्त्यापायी उद्ध्वस्त झालेली घरे, विशेषतः त्या घरांतल्या बायका डोळ्यांसमोर असता ते स्वाभाविकच होते. परंतु परिणाम असा झाला की, घरचे मद्य आणि गुत्त्यावरचे मद्य यांतला भेद राष्ट्रीय चळवळीच्या शब्दकोशातूनही पुसला गेला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून राज्यात संपूर्ण बंदी सुरू झाली. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे आणि सुगंधी द्रव्ये यांबाबतच्या काही तरतुदी रद्द केल्या. कायदा मात्र कायम राहिला. पुढे बंदी सैल झाली, तरी तो कायदा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने आजही लागू आहे. त्यातील 'निर्मिती'च्या व्याख्येत मद्य तयार करण्याबरोबर ते मिसळण्याच्या प्रक्रियाही येतात. तिची व्याप्ती पाहता, दुकानातून रीतसर आणलेल्या व्होडकात लिंबाची साल बुडवणारा ऐरोलीतला गृहस्थ नेमका रेषेच्या कोणत्या बाजूला उभा आहे, हा वकिलांना विचारण्याचा प्रश्न ठरतो.

कायद्याची बाजूही दुर्लक्षण्याजोगी नाही. डिसेंबर २००४ मध्ये खाडीपलीकडच्या विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक. दोन्ही ठिकाणी मरणारे कष्टकरी होते. पण ती दारू कोणी सणासाठी आपल्या मडक्यात केलेली नव्हती. ती चोरट्या बाजाराची दारू होती, जिच्यात नफ्यासाठी मिथेनॉल येते. करणारा आणि पिणारा एकमेकांना ओळखत नसले, करणाऱ्याला आपली दारू स्वतः प्यावी लागत नसली, की असे घडते. 'हातभट्टी' या शब्दातला 'हात' तेव्हा केव्हाच नाहीसा झालेला असतो.

इटलीचे उदाहरण येथे उपयोगी पडते, मात्र त्याचे उदात्तीकरण करू नये. तेथेही घरी मद्य गाळायला मोकळीक नाही. ऊर्ध्वपातनावर राज्याचा अंमल आहे. शिवाय 'लिमोनचेल्लो' हे नाव काप्रीच्या एका व्यावसायिकाने १९८८ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले, म्हणजे आजीची म्हणून मिरवली जाणारी पाककृती तेथेही बाजाराने हेरली आहेच. फरक एवढाच की तेथल्या राज्याने रेषा वेगळ्या जागी ओढली. गाळणे कारखान्याचे, मुरवणे घराचे. कर बाटलीवर वसूल होतो; बाटली घरी आल्यावर तिचे काय करावे हे घर ठरवते.

आपल्याकडे अशी रेषा कधी आखलीच गेली नाही असे नाही. कौटिल्याने ती आखली होती. उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाने मसाले आणि साखर घातलेली खिमड लग्नघरात जपून ती टिकवली. राज्य शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरचे निर्बंध शिथिल केले, तेव्हा ती पुन्हा किंचित दिसली. पण लगेच २०२२ मध्ये मोहफुले आणि काजूबोंडे यांपासूनच्या मद्याला 'विदेशी मद्या'च्या वर्गात बसवण्याचा निर्णय झाला. करआकारणीच्या सोयीसाठी तो असेल. भाषेच्या अभ्यासकाला मात्र येथे थांबावे लागते. सह्याद्रीच्या जंगलातल्या फुलाला प्रतिष्ठा मिळवायची तर आधी परदेशी व्हावे लागते.

आम्ही मद्याचे पुरस्कर्ते नाही. ज्या घरात दारूने नासाडी केली आहे, त्या घराने दाराबाहेर ठेवलेली बाटली बाहेरच राहावी. आमचे म्हणणे मापाविषयी आहे. घरी केलेल्या पेयाला करणारीचा हात, सणाचे निमित्त आणि पेल्याचा आकार अशा तीन मर्यादा होत्या. दीडशे वर्षांच्या अबकारीने आधी पहिली मर्यादा मोडली, मग दुसरी; तिसरी आपोआप गेली. आता इटलीची बरणी पाहून आपल्याला त्या मर्यादांचे कौतुक वाटते, आणि त्या कधी आपल्याही होत्या हे ध्यानात येत नाही. लिमोनचेल्लोला मराठी नाव शोधण्यापूर्वी 'हातभट्टी'तला हात कोणाचा होता, एवढे जरी आठवले तरी पुष्कळ झाले.