गणित ज्याचं, हत्यार त्याचं

हुबळी-धारवाड रस्त्यावर रायापूरला अक्षयपात्रचं स्वयंपाकघर आहे. लाखावर शाळकरी मुलांचं दुपारचं जेवण तिथं पहाटेपासून रांधलं जातं. एवढा भात एका हंड्यात शिजणं शक्य नाही, म्हणून वाफेवरचे अनेक मोठे हंडे एकाच वेळी चढतात. हंडे वाढवले की शिजवण्याची अडचण सुटते आणि मेळ घालण्याची सुरू होते; एक हंडा मागं पडला तर त्या वाटेवरची गाडी खोळंबते. समांतर संगणनाचं दुखणं हेच. मोठं गणित शेकडो प्रोसेसरांवर वाटून दिलं की ते झटपट सुटायला हवं. पण त्यातला एखादा प्रोसेसर कधीच न येणाऱ्या आकड्याची वाट बघत बसला, की बाकीचे सगळे त्याच्यासाठी थांबतात. एकाच प्रोसेसरवरच्या प्रोग्राममधली चूक ओळीओळीनं जाऊन पकडता येते. हजार ठिकाणी एकाच वेळी चाललेल्या प्रोग्राममध्ये कोण कुठं अडकलं हेच आधी कळत नाही, आणि शोधायला म्हणून तोच प्रोग्राम पुन्हा चालवावा तर वेळेचा मेळ बदलल्यामुळे चूक गायब झालेली असते. म्हणून या कामाला निरोपांची देवघेव करणाऱ्या लायब्रऱ्या, चुका शोधणारे डीबगर, वेळेचा हिशेब देणारे प्रोफायलर अशी वेगळी हत्यारं लागतात. ही हत्यारं घडवताना ज्यांचं गणित आहे त्यांनाच कामात सामील करून घ्यायचं, अशी एक रीत या क्षेत्रात पडली. तिचं कूळ शोधताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. जी हत्यारं टिकली त्यांच्या घडणीत वापरणारे नुसतं मत द्यायला आले नव्हते. ते आपला चालता प्रोग्राम घेऊन आले होते.

आपल्याकडे ही कथा बहुतेकदा नकारापासून सांगतात. १९८०च्या दशकात अमेरिकेनं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला क्रे महासंगणक नाकारला, १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. हे सारं खरं आहे आणि अभिमानाचंही आहे. पण भारतातल्या समांतर संगणनाचं मूळ त्याआधीचं, आणि ते कर्नाटकातलं आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत, म्हणजे एनएएलमध्ये, १९८६ साली ‘फ्लोसॉल्व्हर’ नावाचं यंत्र चालू झालं. त्यात इंटेलचे साधे ८०८६ प्रोसेसर होते. रोद्दम नरसिंहा तेव्हा प्रयोगशाळेचे संचालक होते आणि यू. एन. सिन्हा या कामाचे प्रमुख. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते याची समीकरणं सोडवायला ताकद हवी होती, म्हणून प्रवाहांचा अभ्यास करणाऱ्यांच्याच प्रयोगशाळेनं यंत्र बांधलं. नावातही ‘फ्लो’ आहे. पुढं याच यंत्राच्या वंशजांवर मान्सूनची गणितं चालली. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९९१ मध्ये ‘अनुपम’ हा समांतर संगणक आला, तोही केंद्रातल्या शास्त्रज्ञांच्या गणितांसाठी, केंद्रातल्याच माणसांनी बांधलेला. त्याच्याबरोबर आलेली ‘अनुलिब’ ही लायब्ररी फोरट्रान आणि सी लिहिणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. वापरणारा आणि घडवणारा यांच्यामध्ये दालनाच्या भिंतीपलीकडे अंतर नव्हतं. त्या वर्षांत हीच मोठी जमेची बाजू ठरली, असं माझं मत आहे.

परमची गोष्ट थोडी निराळी, आणि म्हणूनच जास्त शिकवणारी. त्याचा प्रोसेसर म्हणजे ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर. ही चिपच समांतर कामासाठी जन्मली होती. प्रत्येकीला शेजारणींशी बोलायला चार दुवे होते. तिच्यासाठी डेव्हिड मे यांनी ‘ऑकॅम’ ही भाषा रचली, टोनी होर यांच्या सिद्धांतावर आधारलेली. ऑकॅम देखणी होती. समांतर काम तिच्यात जितकं स्वच्छ मांडता येई तितकं तेव्हाच्या कुठल्याच प्रचलित भाषेत येत नव्हतं. तरीही ती रुजली नाही. हवामानशास्त्रज्ञाकडं, तेलाचे साठे शोधणाऱ्या भूभौतिकीतज्ज्ञाकडं वर्षानुवर्षं तपासून घेतलेले फोरट्रानचे हजारो ओळींचे प्रोग्राम होते. ते टाकून नव्या भाषेत संसार मांडायला कुणी तयार नव्हतं, आणि ते रास्तही होतं. एकेका ओळीमागं मोजमापांची आणि पडताळण्यांची वर्षं होती. सी-डॅकनं परमसाठी ‘पारस’ नावाची प्रोग्रामिंगची सगळी सोय बांधली. तिच्यात फोरट्रान आणि सी होते, डीबगर होता, प्रोफायलर होता, समांतर फाइल-व्यवस्था होती. परमच्या यशाचं श्रेय यंत्राच्या वेगाला देतात. मला ते पारसलाही तितकंच द्यावंसं वाटतं, कारण शास्त्रज्ञ आपला जुना प्रोग्राम हातात घेऊन त्या दारातून आत येऊ शकला.

अमेरिकेत तेव्हा निराळाच गोंधळ होता. प्रत्येक कंपनीच्या यंत्राला निरोप पाठवण्याची स्वतःची पद्धत होती. यंत्र बदललं की प्रोग्राम नव्यानं लिहायचा. १९८९च्या उन्हाळ्यात ओक रिज प्रयोगशाळेत पीव्हीएम हे वेगवेगळ्या यंत्रांना जोडणारं सॉफ्टवेअर सुरू झालं, त्यात एमरी विद्यापीठाचे वैद्यलिंगम सुंदरम यांचा मोठा हात होता. १९९१ मध्ये ते बाहेर खुलं झालं, लोकांनी वापरलं, तक्रारी आल्या, चार दुरुस्त आवृत्त्या निघाल्या आणि १९९३ मध्ये करणाऱ्यांनी सारं नव्यानं लिहून काढलं. दरम्यान एप्रिल १९९२ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला बैठक झाली आणि तिच्यातून निरोपांची एकच सामायिक पद्धत ठरवणारं एमपीआय फोरम उभं राहिलं. १९९३ मध्ये दर सहा आठवड्यांनी डॅलसच्या एका हॉटेलात दोन-दोन दिवस बैठका भरत. सुमारे चाळीस संस्थांची माणसं येत, त्यांत यंत्रं विकणाऱ्या कंपन्या होत्या, लायब्रऱ्या लिहिणारे होते आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांतले वापरकर्तेही होते. महत्त्वाचं घडत होतं ते शेजारी: अर्गॉन प्रयोगशाळेत बिल ग्रॉप आणि युईंग लस्क प्रत्येक मसुदा लगोलग प्रत्यक्षात उतरवत होते. कागदावर ठरलेलं कलम पुढच्या बैठकीआधी चालवून बघता येई. १९९४ मध्ये एमपीआयची पहिली आवृत्ती निघाली आणि आज तीस वर्षांनंतरही जगातल्या बहुतेक महासंगणकांवरचे प्रोग्राम तिच्याच आधारानं चालतात. तिच्यातली एक छोटी सोय या रीतीची खूण म्हणून सांगण्याजोगी आहे. एमपीआयच्या प्रत्येक फंक्शनला आणखी एका नावानं हाक मारता येते. त्यामुळं मोजमाप करणारं हत्यार मूळ लायब्ररीला हात न लावता मध्ये बसवता येतं आणि कुठला निरोप किती वेळ रेंगाळला ते टिपता येतं. दुसऱ्याच्या लायब्ररीत शिरायला वाट नसली की काय अडतं, हे ठाऊक असलेली माणसं खोलीत होती, म्हणून ही सोय पहिल्याच आवृत्तीत आली.

इथं खरा आक्षेप उभा राहतो आणि तो बाजूला सारता येत नाही. एमपीआयच्या आधी, तशाच बैठका घेऊन, तशाच नियमांनी आणखी एक फोरम चाललं होतं: हाय परफॉर्मन्स फोरट्रान या भाषेचं, म्हणजे एचपीएफचं. राइस विद्यापीठाचे केन केनेडी त्याचे मुख्य. तिथंही कंपन्या होत्या, वापरकर्ते होते. मे १९९३ मध्ये पहिली आवृत्ती आली, आणि काही वर्षांत बहुतेकांनी ती सोडून दिली. मग वापरकर्त्यांना बसवल्यानं काय झालं? उत्तर केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच २००७ मधल्या एका प्रांजळ लेखात दिलं आहे. एचपीएफचे कंपायलर उशिरा आले, आले तेव्हा कच्चे होते, आणि प्रोग्राम संथ चालला तर कुठल्या ओळीमुळं हे वापरणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. म्हणजे लोक खोलीत होते, पण चालवून बघायला हातात काही नव्हतं. त्यांची संमती कागदाला मिळाली होती. याची उलट बाजूही पाहावी: जपाननं एचपीएफला आपल्या वापरकर्त्यांच्या गरजेनुसार जोड दिली आणि २००२ साली अर्थ सिम्युलेटर या महासंगणकावर एचपीएफमध्ये लिहिलेल्या प्लाझ्माच्या एका प्रोग्रामला गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला. भाषा तीच होती. कंपायलर करणारा आणि प्लाझ्माचं गणित करणारा मात्र तिथं एकाच प्रोग्रामवर झटत होते.

या रीतीला शिस्त आणि नाव देण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांचा पूर्वेतिहास या विषयात अनपेक्षित आहे. चेरी पॅनकेक या आधी मानववंशशास्त्रात काम करत होत्या. ग्वाटेमालात तिथल्या आदिवासींच्या विणकामाच्या संग्रहालयाची जबाबदारी त्यांनी सांभाळली होती. पुढं त्या संगणकशास्त्रात आल्या, ओरेगन स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि २०१८ ते २०२० या काळात एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेच्या अध्यक्ष होत्या. कर्टिस कुक यांच्यासह त्यांनी १९९४ मध्ये समांतर प्रोग्राम लिहिणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. माणसं काय मागतात याइतकंच ती काय करतात हे विचारायचं, हा त्यांच्या जुन्या विषयाचा धडा त्यांनी इथं आणला. दिसलं ते असं: दिमाखदार डीबगर पडून होते आणि शास्त्रज्ञ प्रोग्राममध्ये जागोजागी प्रिंटची ओळ घालून चूक शोधत होते. हत्यार शिकायला अवघड, दर यंत्रावर निराळं आणि ऐन वेळी दगा देणारं, म्हणून ते वापरात नव्हतं. याच सुमारास पॅनकेक यांच्या पुढाकारानं पॅरलल टूल्स कन्सॉर्शियम उभं राहिलं. वापरकर्ते सामील असल्याखेरीज कुठलंही काम हाती घ्यायचं नाही, हा तिथला दंडक होता.

त्यातून निघालेली कामं दिसायला लहान होती. प्रोग्राम कोसळला की प्रत्येक प्रोसेसर आपल्या स्मृतीचा अख्खा उतारा डिस्कवर ओतायचा. पाचशे प्रोसेसर, पाचशे गठ्ठे. डिस्क भरून जाई आणि वाचायला कुणाला वेळ नसे. वापरणाऱ्यांना त्यातलं हवं होतं एवढंच, की कोण कुठल्या ओळीवर थांबला. म्हणून अगदी हलका, वाचता येण्याजोगा उतारा ठरवला गेला. प्रोसेसरच्या आतले मोजक सगळ्या यंत्रांवर एकाच पद्धतीनं वाचू देणारं ‘पापी’ हे टेनेसी विद्यापीठाचं हत्यारही याच छत्राखाली सुरू झालं आणि आजही रोजच्या वापरात आहे. हलक्या उताऱ्यामागची कल्पना पुढं कुठवर जाते पाहा: लिव्हरमोर प्रयोगशाळा आणि विस्कॉन्सिन विद्यापीठ यांच्या ‘स्टॅट’ या हत्यारानं एकाच ठिकाणी अडकलेल्या प्रोसेसरांचे गट करून दाखवायला सुरुवात केली. दोन लाखांवर प्रोसेसर असले तरी बघणाऱ्यापुढं चार-पाच गट येतात आणि त्यातला एकटा पडलेला लगेच ओळखू येतो.

यावर म्हणतात की वापरणारा सवयीचा गुलाम असतो. त्याचं ऐकत बसलो तर प्रिंटच्या ओळीपलीकडं जाणारच नाही. एमपीआयकडंही बोट दाखवतात: ती मोडली नाही खरी, पण तिनं प्रोग्राम लिहिणाऱ्यावर निरोपागणिक हमाली लादली, आणि एचपीएफमध्ये ती नव्हती. या आरोपात तथ्य आहे. वापरकर्त्यांच्या सहभागानं धाडसी कल्पना निघत नाहीत, हे मी मान्य करतो. ऑकॅम एका समितीला सुचली नसती. पण प्रिंटच्या ओळीकडं नीट पाहिलं की ती निव्वळ सवय राहत नाही. ती सगळीकडं चालते, शिकावी लागत नाही, आणि शास्त्रज्ञाला त्याच्याच गणितातला आकडा दाखवते, प्रोसेसरचा पत्ता नव्हे. नव्या हत्यारात काय असायला हवं याची ही नेमकी यादी आहे; वापरणाऱ्यानं ती तोंडानं सांगितली नाही, कृतीनं सांगितली. धाडस कल्पकानं करावं, पण त्याची पारख कुणाच्या प्रोग्रामवर करायची हे आधीच ठरलेलं असावं.

आज आपल्याकडं यंत्रांची कमतरता राहिलेली नाही. २०१५ मध्ये सात वर्षांसाठी ४,५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशन मंजूर झालं, ते राबवण्याचं काम सी-डॅक आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्याकडं आलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याहून जवळपास तिप्पट ताकदीचा ‘अर्क’ आला. मिशनमध्ये प्रशिक्षणाचीही सोय ठेवली गेली. पण तयार हत्यार शिकवणं आणि हत्यार घडवताना बरोबर घेणं यांत फरक आहे, आणि पहिलं केलं म्हणजे दुसरं झालं असं धरून चालणं मला घातक वाटतं. सी-डॅकनं पूर्वी परमसाठी ‘दिव्या’ हा स्वतःचा डीबगर केला होता. कसब इथं आहेच. धारवाडला २०१६ पासून आयआयटी आहे, शेजारी कृषी विज्ञान विद्यापीठ आहे, आणि पावसाचा व पिकाचा मेळ अभ्यासणाऱ्या माणसांची गणितं दिवसेंदिवस मोठीच होत जाणार. पुढचा डीबगर किंवा प्रोफायलर पुण्यात वा बंगळुरूत आखला जाईल तेव्हा अशा माणसांना पहिल्या मसुद्यापासून, त्यांच्या न चालणाऱ्या प्रोग्रामासकट बोलवावं. दर सहा आठवड्यांनी दोन दिवस एवढा वेळ डॅलसला पुरला होता. तो वेळ शास्त्रज्ञाच्या कामात धरला जावा, बढतीच्या वेळी निबंधाइतकाच मोजला जावा, आणि त्याची तरतूद यंत्राच्या खरेदीबरोबरच त्याच कागदावर व्हावी.