अजिंठ्याची पारो : शिला आणि दंतकथा



खानदेशात इतिहासावर बोलावयास उभे राहणाऱ्याला धाक असतो तो राजवाड्यांचा. त्यांचे दप्तर धुळ्याने जपले आहे आणि अस्सल साधनाखेरीज विधान करू नये, हा त्यांचा धडा आहे. आज मी मुद्दाम असा विषय घेतला आहे की, ज्यात साधन हातभर आणि दंतकथा कोसभर!

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली. पुढे १८४४ मध्ये तेथील चित्रांच्या नकला करण्यासाठी कंपनी सरकारने मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल याला नेमले. वय चाळीस, तीनच वर्षांपूर्वी विवाह झालेला. अजिंठा गावातील बारादरीत त्याने बिऱ्हाड केले आणि अंधाऱ्या लेण्यांत बसून वर्षानुवर्षे भव्य तैलचित्रे रंगविली. याच मुक्कामात त्याला पारो भेटली.

ती कशी भेटली, हे लोक रंगवून सांगतात. कोणी तिला एका जमातीची ठरवितात, कोणी दुसऱ्या. परका गोरा चित्रकार आणि रानातली पोर यांच्या प्रेमावर ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले. २०१२ साली त्यावर चित्रपटही निघाला. काव्याला तो अधिकार आहेच. परंतु इतिहासाच्या हाती काय उरते? अजिंठा गावातील एक थडगे. त्यावरील इंग्रजी लेखात तिचे नाव आहे, गिलने तिला आपली प्रिया म्हटले आहे आणि मृत्यूची तारीख दिली आहे, २३ मे १८५६. बस्स, एवढेच!

पण हे 'एवढेच' थोडे समजू नका. त्या काळी गोऱ्या अंमलदारांच्या घरांत वावरलेल्या कितीतरी एतद्देशीय स्त्रिया नावानिशाणीवाचून गेल्या. गिलने मात्र हे नाते दगडावर कोरून चारचौघांत मान्य केले. तथापि, त्याला संत करण्याचेही कारण नाही. त्याची पत्नी होती, मुले होती. तिच्या दुःखावर कोणी काव्य लिहिले नाही. आणि पारोचे स्वतःचे म्हणणे तर कोणीच टिपून ठेवले नाही. आपल्याला ऐकू येतो तो गिलचा शब्द.

दैवगती पाहा! गिलची बहुतेक चित्रे लंडननजीक सिडनहॅम येथील स्फटिकप्रासादात मांडली होती. १८६६ च्या आगीत ती भस्मसात झाली. गिलने कॅमेऱ्याचाही वापर केला होता. १८७९ साली तो वारला. त्याचे थडगे आपल्या भुसावळला आहे. म्हणजे ज्या कामासाठी तो आला, ते बव्हंशी जळाले आणि ज्याचा सरकारी हुकमात उल्लेख नव्हता, ते दगडावर राहिले.

अजिंठ्यास जाल तेव्हा लेणी पाहून लगेच परतू नका. घाट चढून गावात जा आणि त्या थडग्यापाशी घटकाभर उभे राहा. कथा खुशाल आठवा. पण दगड जेवढे सांगतो, तेवढेच खरे माना. पारोचा मान त्यातच आहे.