प्रीन्त्यखमधला ‘प’

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे विद्यापीठाची एक मोठी खानावळ आहे. तिचं नाव ‘अन व्हिअलन’. नवखा माणूस शब्दकोशात ‘व्हिअलन’ शोधत बसला, तर उपाशीच राहील. मूळ आयरिश शब्द ‘बिअलन’. ‘बिआ’ म्हणजे अन्न, ‘लन’ म्हणजे जागा. थोडक्यात आपलं भोजनालय. पुस्तकाला ‘ल्यौर’, म्हणून ग्रंथालय ‘ल्यौरलन’. बिअलन स्त्रीलिंगी आहे. तिच्यापुढे ‘अन’ हे उपपद आलं, की ‘ब’चा ‘व्ह’ होतो.

आपलं व्याकरण शब्दाच्या शेपटीला हात घालतं: घोडा, घोड्याला. आयरिश शेपटीही बदलते, पण आधी तोंड धरते.

पंगतीच्या जागेसाठी याहून जुना शब्द आहे ‘प्रीन्त्यख’. मठातले साधू एकत्र जेवायचे ते दालन. ‘त्यख’ म्हणजे घर, हा अस्सल घरचा शब्द. ‘प्रीन’ म्हणजे जेवण. तो मात्र पाहुणा, लॅटिन ‘प्रांदिउम’ म्हणजे दुपारच्या जेवणावरून आलेला.

पाहुणा ओळखू येतो तो ‘प’वरून. आयरिशच्या पूर्वज भाषेतून जुना ‘प’ केव्हाच गळाला होता. आपला ‘पिता’ आणि लॅटिन ‘पातेर’ एकाच कुळातले. आयरिशमधला त्यांचा भाऊबंद ‘अहर’, बिनपकाराचा. ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन शब्द येऊ लागले, तेव्हा सुरुवातीला आयरिश जिभेने ‘प’च्या जागी ‘क’ घातला. ‘पास्खा’ म्हणजे ईस्टर, त्या सणाचा झाला ‘काश्क’, जांभळ्या ‘पुर्पुरा’चा ‘कोर्क्रा’. पुढे जीभ सरावली आणि नंतरच्या शब्दांत ‘प’ शाबूत राहिला. पाप झालं ‘प्याका’. चुंबनाला ‘पोग’ म्हणतात, तेही ‘शांती’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून. उपासनेत शांतीचं चुंबन देत, त्यावरून. प्रीन याच दुसऱ्या तुकडीतला. म्हणजे मठातलं जेवण ईस्टरपेक्षा उशिरा भाषेत आलं!

प्रीन्त्यख पुल्लिंगी, त्यामुळे ‘अन’ लागूनही प्रथमेत ‘प’ जागचा हलत नाही. षष्ठीत मात्र गंमत होते. भोजनगृहाचं दार म्हणायचं तर ‘दोरस अन फ्रीन्ती’: शेपटी बदलते आणि तोंडही. भोजनगृहात म्हणायचं तर ‘सा फ्रीन्त्यख’. इतक्या उशिरा जिभेवर बसलेला ‘प’ एका ‘सा’ने पुन्हा उठून जातो.