व्हिनेगर आलं, फेऱ्या मागेच राहिल्या

४-५ टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातलं व्हिनेगरच. ते कापसाच्या बोळ्याने गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि उजेडात पाहायचं. पांढरा डाग उठला, तर पुढची तपासणी. प्रयोगशाळा नको, रिपोर्टची वाट नको. खान्देशातल्या बाईपर्यंत सरकारला न्यायची आहे ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची हीच ‘व्हीआयए’ तपासणी.

हिचं मूळ जर्मनीत. १९२५ मध्ये हिन्सेलमान यांनी गर्भाशयमुख मोठं करून दाखवणारी दुर्बीण केली. पुढे तिच्या जोडीला ॲसिड आलं. श्रीमंत देशांनी मात्र पेशी खरवडून स्लाइडवर तपासणारी पॅप स्मिअर धरली. तिला स्लाइड वाचणारा तज्ज्ञ लागतो आणि आपल्याकडे वानवा त्याचीच.

महाराष्ट्रात मोठी कसोटी दोन ठिकाणी लागली. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी होती. त्याच जोरावर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास सुरू झाला. २००९ चा निकाल असा: या कर्करोगामागच्या विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची, एकदाच केलेली चाचणी असली तरी मृत्यू निम्म्यावर आले, एकदाच लावलेल्या ॲसिडने ठोस फरक पडला नाही.

मुंबईत उलट घडलं. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींच्या चमूने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्यांना तपासणीच दिली नाही, फक्त माहिती दिली. त्यावर वाद झाला आणि तो रास्तच होता. उरलेल्यांची तपासणी डॉक्टरांनी नव्हे, किमान दहावी शिकलेल्या, खास शिकवून तयार केलेल्या बायकांनी केली. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

म्हणजे गुण नुसत्या ॲसिडचा नव्हता, पुन्हापुन्हा दारी येणाऱ्या बाईचाही होता. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेने ॲसिड उचललं. फेरी केली पाच वर्षांतून एक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के बायकांची या कर्करोगाची कुठलीही तपासणी कधीतरी झालेली होती.

खान्देशात शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुडा पट्ट्यातल्या पावरा-भिल्ल बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात. पौष-माघात शिबिर भरवलं की पाड्यावर उरतात म्हाताऱ्याकोताऱ्या. पाच वर्षांची एकुलती फेरी अशी हुकली, की थेट पुढच्या पाच वर्षांनी.

होळीच्या भोंगऱ्या बाजाराला बाया पाड्यावर परततात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. आरोग्य खात्याने शिबिराच्या तारखा त्याच दिवसांत धराव्यात, आणि पावरी बोलणारी आशाताई सोबत द्यावी.