खरी अंगठी कोणती?

तुमची मुलं जर्मन शाळेत जात असतील, तर रेक्लामचं एक छोटं पिवळं पुस्तक कधी ना कधी घरात आलं असेल: लेसिंगचं ‘नाथान डेअर वाइझं’, म्हणजे शहाणा नाथान. तीन अंगठ्यांची गोष्ट मुलं शिकून येतात आणि ‘सगळे धर्म सारखेच’ असा एका ओळीचा अर्थ सांगून मोकळी होतात. लेसिंगला एवढंच म्हणायचं असतं, तर त्याच्यावर बंदी आली नसती.

पाद्र्याचा हा मुलगा 1770 पासून वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होता. हाम्बुर्गचे प्राध्यापक रायमारुस यांनी बायबलमधल्या चमत्कारांची कठोर चिकित्सा लिहून ठेवली होती, पण हयातीत छापायचं धाडस केलं नव्हतं. त्यांच्या मुलीकडून मिळालेल्या हस्तलिखिताचे काही भाग लेसिंगनं 1774 पासून, लेखकाचं नाव लपवून, छापले. हाम्बुर्गचा मुख्य पाद्री ग्योत्सं तुटून पडला. लेसिंगनं त्याला एकामागून एक अकरा पत्रकांनी उत्तर दिलं. त्याच हिवाळ्यात त्याचा मुलगा जन्मताच गेला आणि पाठोपाठ जानेवारी 1778 मध्ये बायकोही. भांडण मात्र थांबलं नाही. शेवटी उन्हाळ्यात ब्राउनश्वाइगच्या ड्यूकनं सेन्सॉरशिवाय छापण्याची त्याची सवलत काढून घेतली. तेव्हा लेसिंग आपल्या जुन्या व्यासपीठाकडे, रंगभूमीकडे वळला. 1779 मध्ये नाटक छापून आलं.

काळ तिसऱ्या धर्मयुद्धाचा, जागा जेरुसलेम. तिजोरी रिकामी झालेला सुलतान सलाहुद्दीन श्रीमंत ज्यू व्यापारी नाथानला बोलावतो. नाथान पैशाच्या मागणीची तयारी करून आलेला असतो आणि सुलतान विचारतो, तिन्ही धर्मांत खरा कोणता? एकटा पडल्यावर नाथान स्वतःशी जे बोलतो, ते नीट वाचा. सत्य हे काय नाणं आहे, मागितलं की मोजून हातावर ठेवायला? जुनं, वजन करून घ्यायचं नाणं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण हे नवं, नुसता छाप बघून चालणारं! पुढची अंगठ्यांची गोष्ट बोकाच्चोकडून घेतलेली आहे, हा नाण्यांचा विचार मात्र लेसिंगचा.

तीन भावांच्या तीन अंगठ्या हुबेहूब सारख्या, हे ऐकून सुलतान चिडतो. धर्म तर वेगळे ओळखू येतात, अगदी कपड्यांपासून खाण्यापिण्यापर्यंत! नाथान म्हणतो, हो, फक्त पाया सोडून. तिन्ही धर्म इतिहासावर उभे आहेत, आणि इतिहास कुणाच्या तरी शब्दावर मानावा लागतो. माणूस कुणाचा शब्द मानतो? ज्यांनी लहानपणापासून माया केली, त्यांचा. मग मी माझ्या वाडवडिलांवर तुझ्यापेक्षा कमी विश्वास का ठेवू? आजीकडून ऐकलेल्या कथा परदेशात मुलांना सांगताना आपण याच आधारावर उभे असतो, नाही का?

गोष्टीतला न्यायाधीश तर आणखी पुढे जातो. खऱ्या अंगठीत माणसाला सर्वांचं प्रिय करण्याची शक्ती आहे. तुम्ही तिघं तर एकमेकांचा द्वेष करता, म्हणजे कदाचित तिन्ही खोट्या आणि खरी हरवलेली! यात ‘सगळे सारखेच’ची ऊब कुठे आहे? निकाल हजारो वर्षांनंतरच्या न्यायाधीशावर सोपवला जातो, तोवर प्रत्येकानं आपली अंगठी वागण्यातून खरी करून दाखवायची. सत्य जवळ असण्यापेक्षा त्यासाठी केलेली धडपड मोलाची, असं लेसिंगनं वादाच्या काळात लिहिलंच होतं.

शेवटच्या अंकात कोण कुणाची बहीण, कोण कुणाचा काका याचा उलगडा होतो. हा भाग मला जरा ओढूनताणून आणलेला वाटतो. सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. रक्ताच्या नात्यानं त्यातलं कुणीही नाथानचं नसतं. त्याची बायको आणि सात मुलं ख्रिश्चनांनी केलेल्या कत्तलीत जळून मेलेली असतात.

लेसिंग 1781 मध्ये गेला. नाटक रंगमंचावर आलं 1783 मध्ये, बर्लिनला. नाझींनी जर्मन रंगमंचावरून ते हटवलं. 1 ऑक्टोबर 1933 ला फक्त ज्यू प्रेक्षकांसाठी असलेल्या कुल्टुरबुंडनं आपलं थिएटर त्याच नाटकानं सुरू केलं. युद्ध संपल्यावर 7 सप्टेंबर 1945 ला बर्लिनच्या डॉइचेस थिएटरचा पडदा पुन्हा वर गेला, तोही ‘नाथान’वरच. दिग्दर्शक होता फ्रित्स व्हिस्टेन, कुल्टुरबुंडमध्ये काम केलेला आणि वाचलेला.