शुक्रवार, सकाळी ९.३९

१९ जुलै २०२४, पहाट. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचा अमेरिकेतला एक विभाग बंद पडला. पुढे जगभरचे संगणक बसले त्याच्याशी याचा संबंध नव्हता, पण दिवसभर लोक दोन्हींची गल्लत करत राहिले. खरं बीज फेब्रुवारीतच पडलं होतं. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या फाल्कन या सुरक्षा सॉफ्टवेअरमध्ये एक नवी तपासणी घातली. तिच्या व्याख्येत माहितीचे २१ रकाने होते, प्रत्यक्ष चालणारा कोड मात्र २०च पुरवत होता. एकविसाव्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने तो वाचण्याची वेळच येत नव्हती. मार्चमधली चाचणीही सुखरूप पार पडली.

सकाळी ९.३९. भारतात ऑफिसं उघडत होती, सिडनीत दुपारचे दोन वाजून गेले होते, लंडन झोपेत होतं. फाल्कनच्या या तपासणीला काय बघायचं ते सांगणारी एक फाइल असते, फाइल २९१. तिची नवी आवृत्ती जगभर एकदम सुटली आणि या वेळी तिने एकविसावा रकाना खरोखर तपासायला सांगितला. नसलेली जागा वाचायला गेलेला कोड कोसळला. हा कोड विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये चालतो. तिथे चुकलं की एखादा प्रोग्राम बंद पडून भागत नाही, अख्खा संगणक बसतो. आधी थोड्या मशीनवर सोडून बघायचं आणि मग बाकीच्यांना द्यायचं, हा साधा शिरस्ता या फाइलींना लावलेला नव्हता. सगळ्यात मोठा दोष मला तिथेच दिसतो.

पुढची काही मिनिटं. निळा पडदा, त्यावर कोपऱ्यात रडवेला चेहरा. मशीन आपणहून पुन्हा चालू होतं, विंडोजचं चिन्ह येतं, खाली ठिपके गोल फिरतात, आणि पासवर्ड टाकायची वेळ येण्याआधीच पुन्हा निळा पडदा. व्हायरसच्या आधी पहाऱ्यावर हजर असावा म्हणून फाल्कनचा कर्नलमधला हा कोड, म्हणजे ड्रायव्हर, मशीन सुरू होतानाच उठतो. त्या दिवशी नेमकं तेच नडलं.

१०.५७. कंपनीने फाइल मागे घेतली. ७८ मिनिटं झाली होती. ज्यांनी अकरानंतर लॅपटॉप उघडला ते वाचले. बाकीच्यांसाठी दुरुस्त फाइल सर्व्हरवर तयार होती, पण ती उतरवून घेण्याइतका वेळही त्यांचं मशीन तग धरत नव्हतं. म्हणून सल्ला निघाला, वायफाय सोडा, केबल लावा आणि रीस्टार्ट करत राहा. केबलवर नेट लवकर जोडलं जातं. अझूरवरच्या काही मशीनना १५ रीस्टार्टपर्यंत लागले.

दुपार. इंडिगो, अकासा, स्पाइसजेटच्या काउंटरवर बोर्डिंग पास हाताने लिहिले जात होते. इंडिगोची सुमारे २०० उड्डाणं रद्द झाली. रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्यानुसार १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. आपल्या घरगुती संगणकांवर फाल्कन नसतो, ते सुटले. पण घरून काम करणाऱ्यांचे कंपनीचे लॅपटॉप बैठकीच्या खोलीतच अडकून पडले.

संध्याकाळ, रात्र. उपाय दोन मिनिटांचा होता. सेफ मोडमध्ये जा, विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये क्राउडस्ट्राइक उघडा, ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल उडवा, रीस्टार्ट करा. पण तो प्रत्येक मशीनसमोर बसूनच करायचा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ आकडी किल्ली हवी, आणि ती ज्या सर्व्हरवर जपून ठेवलेली, तोच कित्येक ठिकाणी निळा पडलेला. त्या रात्री फोनवरून एकेक आकडा सांगत बसलेल्या, मजल्यामागून मजला पालथा घालणाऱ्या आयटीच्या पोरापोरींनी जग पुन्हा उभं केलं. त्यांची नावं कुठे छापून आली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

२० जुलै. मायक्रोसॉफ्टने अंदाज दिला, ८५ लाख मशीन, म्हणजे विंडोजवरच्या एकूण मशीनच्या एक टक्क्याहूनही कमी. अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीची सेवा पुढे कित्येक दिवस रुळावर आली नाही. रद्द उड्डाणं ७,००० च्या घरात गेली. २५ जुलैपर्यंत ९७ टक्के मशीन परत चालू झाली. ऑगस्टमध्ये क्राउडस्ट्राइकने २१ आणि २० चा हिशेब जाहीर केला. अशा फाइली यापुढे टप्प्याटप्प्याने सोडू आणि त्या कधी घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवू देऊ, असंही सांगितलं.