प्रोपेलर : जमिनीपासूनचे अंतर
घरी बांधलेल्या विमानाच्या प्रोपेलरचा व्यास ठरवताना पात्याचे टोक व जमीन यांत सोडायची मोकळी जागा. अमेरिकी नियमांतील जुना दंडक : नाकचाकी विमानाला सुमारे 18 सेंमी., शेपूटचाकीला 23 सेंमी.; तेही वजनाने चाके दबलेली असताना. टायर बसला, धक्काशोषकाचा दट्ट्या तळाला टेकला, तरी पाते घासता कामा नये. खडीच्या धावपट्टीवर एवढेही अपुरेच. वर ओढलेले खडे पात्याच्या कडेला खाचा पाडतात. जागा कमी पडल्यास तीन आखूड पाती बरी. मनाने पाती कापणे घातक.